आर्थरचा दरबार, कच्च्या कैद्याच्या हातचा

अत्याचार करायचा नाही, खून करायचा नाही. फितुरीपासून लांब राहायचं. शरण आलेल्याला अभय द्यायचं. लेकीबाळींना, विधवांना मदत करायची, त्यांचे हक्क शाबूत राखायचे आणि त्यांच्यावर कधीही बळजबरी करायची नाही. केली तर देहदंड. प्रेमाखातर असो की पैशाखातर, खोट्या भांडणात तलवार उचलायची नाही.

आर्थर राजाच्या गोलमेजावरचे सगळे नाइट, म्हातारे आणि तरुण, दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला ही शपथ घेत. निदान सर थॉमस मॅलरी तसं सांगतो. त्याने १४६९-७० च्या सुमाराला आर्थरच्या फ्रेंच आणि इंग्रजी कथा एकत्र करून इंग्रजी गद्यात मांडल्या, आणि आज आपण सिनेमात, कॉमिक्समध्ये, पोरांच्या पुस्तकांत जो आर्थर पाहतो तो बराचसा त्याच्या हातचा आहे. बहुतेक कथानकं त्याने जुन्या ग्रंथांतून उचलली. ही शपथ मात्र त्याची स्वतःची. फ्रेंच मूळकथेत ती नाही.

माझी सगळी हयात तालुक्याच्या कोर्टात गेली. बहुतेक जमिनीचे दावे, अधूनमधून एखादं फौजदारी प्रकरण. त्यामुळे एक खोड जडली आहे: कुठलंही कलम वाचलं की आधी मनात येतं, हे कुणामुळे आलं असेल? लोक जे करतच नाहीत त्याला मनाई करण्यात कुणी शाई घालवत नाही. मॅलरीची शपथ मी याच खोडीने वाचली आणि चार पानं मागे गेलो. तिथे सगळे गुन्हे ओळीने मांडून ठेवलेले सापडले.

प्रसंग आर्थर आणि ग्विनेविअरच्या लग्नाचा. मेजवानीच्या दालनात एक पांढरं हरीण घुसतं, त्याच्यामागे एक पांढरी कुत्री, तिच्यामागे काळ्या शिकारी कुत्र्यांचा तांडा. त्या गोंधळात एक परका नाइट एका बाईला सगळ्यांदेखत उचलून घेऊन जातो. मग तिघांची रवानगी होते, तीन कामगिऱ्यांवर. राजाचा भाचा गवेन हरणामागे जातो, एका नाइटशी त्याची जुंपते, नाइट हरतो, अभय मागतो. गवेन ऐकत नाही. त्या नाइटची बायको धावत येऊन नवऱ्याच्या अंगावर पडते आणि वार तिच्या मानेवर बसतो. तिचं मुंडकं गळ्यात अडकवून आणि धड घोड्यावर पुढ्यात घेऊन गवेनला दरबारात परतावं लागतं. दुसरा, राजा पेलिनोर, वाटेत एका झऱ्यापाशी जखमी नाइटला मांडीवर घेऊन बसलेली तरुणी पाहतो. ती मदतीसाठी टाहो फोडते. पेलिनोर घाईत असतो, थांबत नाही. परतताना तिचं मुंडकं तेवढं सापडतं, बाकीचं जनावरांनी खाल्लेलं. ती त्याचीच मुलगी होती, हे दरबारातला जादूगार मर्लिन त्याला नंतर सांगतो.

आणि हे सगळं झाल्यावर शपथ. शरणागताला अभय, बाईला मदत.

तिसरा निघतो तो टॉर, आणि त्याची गोष्ट सगळ्यात टोचणारी आहे. लग्नाच्या आदल्या गडबडीत एक गरीब गुराखी आपल्या पोराला घेऊन दरबारात येतो. म्हणतो, महाराज, माझी तेरा पोरं. बाकीची सांगेन ते काम करतात, हा एकटा कामाला हात लावत नाही, सदा तिरकमठा आणि लढायांची स्वप्नं. याला नाइट करा. आर्थर करतो. वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं, वा, गुराख्याचा पोर गोलमेजावर! पण मर्लिन लगेच उलगडा करतो: हा गुराख्याचा नव्हेच, हा पेलिनोर राजाचा. आईला बोलावणं जातं. ती भर दरबारात सांगते की लग्नाआधी ती गाईंची धार काढायला निघाली असताना एक उग्र नाइट भेटला आणि अर्धं बळजबरीनेच त्याने तिचं कौमार्य घेतलं. जाताना तिचा शिकारी कुत्राही घेऊन गेला, तिची आठवण म्हणून. टॉर म्हणतो, माझ्या आईची बदनामी नको. त्यावर मर्लिनचं उत्तर: यात तुझा तोटा नाही, मानच आहे, बाप राजा निघाला. गुराखीही फारसं मनाला लावून घेत नाही. पेलिनोरला कुणी एका शब्दाने विचारत नाही. काही पानांनंतर हाच पेलिनोर, बाकीच्यांबरोबर, स्त्रियांवर बळजबरी न करण्याची शपथ घेतो.

मॅलरीला हे जवळून ठाऊक होतं, असं म्हणायला जागा आहे. तो कोण, यावर विद्वानांत वाद झाले, पण बहुतेकांनी मान्य केलेला थॉमस मॅलरी म्हणजे वॉरिकशरमधल्या न्यूबोल्ड रेव्हलचा जमीनदार, १४४५ साली आपल्या परगण्याचा पार्लमेंटातला प्रतिनिधी. आणि त्याच्यावरचं आरोपपत्र! जानेवारी १४५० मध्ये सव्वीस हत्यारबंद माणसं घेऊन बकिंगहॅमच्या ड्यूकला ठार मारायला जंगलात दबा धरला. त्याच वर्षी जोन स्मिथ नावाच्या बाईवर दोनदा बलात्कार, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. दुसऱ्या खेपेला घरातला ४० पौंडांचा ऐवजही लांबवला. धमकावून पैसे उकळले. जून १४५१ मध्ये ७ गाई, २ वासरं, ३३५ मेंढ्या आणि एक गाडी हाकून नेली. जुलैत पकडला गेला, कोल्सहिलला शेरीफच्या वाड्यात कोंडला, तर दोन रात्रींत खंदक पोहून पसार. आणि लागलीच जमाव घेऊन कूमच्या मठावर चालून गेला, दारं फोडली, पेट्या फोडल्या. पुढे जामिनावर सुटला असताना एसेक्समध्ये घोडेचोरीत अडकला आणि कोल्चेस्टरच्या तुरुंगातून तलवारी-खंजीर परजत बाहेर पडला.

शपथेतलं एकेक कलम आणि हे आरोप शेजारी ठेवा. आकडे जुळतात.

आता वकिली खोड दुसऱ्या बाजूने बोलते. न्यूनीटनला या आरोपांची चौकशी झाली तेव्हा न्यायासनावर बसणाऱ्यांत खुद्द बकिंगहॅमचा ड्यूक होता, म्हणजे ज्याच्यावर दबा धरला म्हणायचं तोच. असं आरोपपत्र माझ्या हाती आलं असतं तर मी पहिल्याच तारखेला त्याची पिसं काढली असती. परगण्यात दोन बड्या घराण्यांची चुरस, मधल्या जमीनदारांनी कुणाच्या तरी पदरी राहायचं, आणि धनी कमजोर पडला की जुनी सगळी प्रकरणं एकदम वर यायची: हे चित्र आमच्याकडच्या कुठल्याही वकिलाला ओळखीचं वाटेल. मॅलरीने जानेवारी १४५२ मध्ये वेस्टमिन्स्टरला 'गुन्हा कबूल नाही' असं सांगितलं, ज्यूरीकडून निवाडा मागितला. तो निवाडा कधी झालाच नाही. तारखा पडत गेल्या, ज्यूरी जमली नाही, वर्षांमागून वर्षं तो लंडनच्या एका तुरुंगातून दुसऱ्यात हलत राहिला. कच्चा कैदी. गुन्हेगार ठरला नाही आणि निर्दोषही ठरला नाही.

पण म्हणून त्याला वाचवायची घाई मला करवत नाही. राजकारण होतं म्हणजे आरोप खोटेच, असंही नसतं. जोन स्मिथच्या बाबतीत त्याचे चाहते वर्षानुवर्षं एक मुद्दा काढत आले आहेत: फिर्याद तिने केलेली नाही, नवऱ्याने, ह्यू स्मिथने केली, १३८२ च्या कायद्याप्रमाणे बाईची संमती असली तरी नवरा किंवा बाप फिर्याद लावू शके, तेव्हा ती बहुधा स्वखुशीने गेली असणार. कायद्याचा तपशील बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष सोयीचा आहे. त्या कायद्याने फिर्यादीचा हक्क नवऱ्याकडे दिला, म्हणून तर जोनचं स्वतःचं एक वाक्यही कागदावर नाही. तिचं मौन तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचं, ही कसरत मी कोर्टात पुष्कळ पाहिली आहे.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट आहे. मॅलरीचं पुस्तक विल्यम कॅक्स्टनने ३१ जुलै १४८५ रोजी वेस्टमिन्स्टरला छापून पुरं केलं, आणि त्यानंतर साडेचारशे वर्षं जग ते त्या छापील रूपातच वाचत आलं. १९३४ साली विंचेस्टर कॉलेजच्या तिजोरीत वॉल्टर ओकशॉट या शिक्षकाला एक जुनं हस्तलिखित सापडलं. पाहतात तर मॅलरीच! नाइटांची नावं लाल शाईत, आणि काही पानांवर कॅक्स्टनच्या छापखान्यातल्या ओल्या शाईचे पुसट डाग, म्हणजे हे बाड एके काळी त्याच्या मेजावर पडून होतं. या हस्तलिखितात शपथेतले शब्द जास्त आहेत. विधवांचा उल्लेख, स्त्रियांचे हक्क शाबूत राखण्याची गोष्ट, आणि 'त्यांच्यावर कधीही बळजबरी करायची नाही' हे वाक्य: यातलं काहीही कॅक्स्टनच्या छापील आवृत्तीत नाही. तिथे नुसतं 'स्त्रियांना मदत' आहे. ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाच्या आरोपपत्रात नेमका तोच गुन्हा दोनदा आहे. पश्चात्ताप म्हणा, बचाव म्हणा, की बारा वाटा फिरलेल्या माणसाला आलेली समज म्हणा. मी स्वतः त्याला समज म्हणतो, पण जोनला विचारलं असतं तर तिने काय म्हटलं असतं हा प्रश्न सुटत नाही.

कथेतला नाइट कायम वाटेवर असतो. त्याची शेती कोण करतं, घोड्याला चंदी कुठून येते, चिलखताचे पैसे कुणी भरले, यावर मॅलरी एक ओळ खर्च करत नाही. खरा नाइट शिलेदारासारखा होता. घोडा आपला, हत्यार आपलं, आणि हे परवडायला पाठीशी कसणारी कुळं. खर्च एवढा, की पुष्कळ ऐपतदार जमीनदार नाइट व्हायचं टाळत. तेराव्या शतकापासून राजे हुकूम काढत की अमुक उत्पन्नाच्या वर जमीन असलेल्याने नाइट व्हावं, नाहीतर दंड भरावा. लोक दंड भरून मोकळे होत. मान नको, शांतपणे घरी बसू दे, अशी वृत्ती. आणि दंडातून राजाची तिजोरीही भरे. गोष्टीतल्या पोरसवद्या वीरांना आर्थरच्या हातचा तलवारीचा स्पर्श हवाहवासा वाटतो, ही बाब या पार्श्वभूमीवर गमतीची आहे.

मग हे वाचत कोण होतं? याचं उत्तर नॉरफकच्या पॅस्टन घराण्याच्या पत्रांत सापडतं. पंधराव्या शतकातल्या या कुटुंबाची शेकडो पत्रं टिकली आहेत आणि माझ्यासारख्याला त्यांत गोलमेजापेक्षा जास्त करमणूक आहे, कारण ती सगळी जमिनीच्या वादांनी भरली आहेत. घराण्याचा मूळपुरुष क्लेमेंट. त्याच्याविषयी शत्रुपक्षाने लिहून ठेवलेलं टिपण आहे: साधा शेतकरी, उन्हाळा-हिवाळा एकाच नांगरावर राबायचा, धान्याचं पोतं मांडीखाली घेऊन बिनखोगिराच्या घोड्यावर गिरणीला जायचा आणि पीठ घेऊन परतायचा. त्याने मुलगा शिकवला, मुलगा न्यायाधीश झाला, न्यायाधीशाने जमिनी घेतल्या, आणि तिसऱ्या पिढीत शेजारचे बडे लोक म्हणू लागले की हे मुळात वेठबिगारांचे वंशज, यांना जमिनीचा हक्कच नाही. पॅस्टनांनी वंशावळ काढली, थेट फ्रान्समधून आलेल्या पूर्वजापर्यंत नेऊन भिडवली, आणि १४६६ मध्ये राजा चौथ्या एडवर्डने मोहोर मारली: हे पुरातन काळापासूनचे खानदानी. टॉर गुराख्याचा नव्हता, राजाचा निघाला, तसंच हे. समाजात वर चढता येत होतं, पण चढलो हे कबूल करायची सोय नव्हती. मुळात वरचेच होतो, मध्यंतरी विसर पडला होता, असं दाखवावं लागे.

या घराण्याची सून मार्गारेटबाई. १४४८ मध्ये नवरा लंडनला कोर्टकचेऱ्यांत, आणि इकडे लॉर्ड मोलिन्सने त्यांची ग्रेशमची मालमत्ता बळकावलेली. बाई नवऱ्याला पत्र लिहिते: आडव्या धनुष्यांची सोय करा, ती ताणायची यंत्रं पाठवा, बाण पाठवा, इथली घरं इतकी ठेंगणी आहेत की लांब धनुष्य घेऊन आत उभं राहून मारता येत नाही. समोरच्यांनी दारांना अडसर केले आहेत, भिंतींत मारा करायला भोकं पाडली आहेत, तीही तिने नीट पाहून लिहिली आहेत. आणि त्याच पत्रात पुढे: एक पौंड बदाम, एक पौंड साखर, आणि पोरांच्या कपड्यांना जाड कापड. पुढे मोलिन्सची माणसं चालून आली, कुटुंबाच्या अर्जाप्रमाणे हजारभर, आणि भिंती पोखरून बाईला घराबाहेर काढलं. मॅलरीच्या कथांत अशी बाई मला भेटली नाही. तिथल्या बायका खिडकीत उभ्या असतात, झऱ्याकाठी रडतात, शाप देतात, जादू करतात. वाणसामानाची यादी कुणी करत नाही.

तिचा धाकटा मुलगा जॉन १४६८ च्या उन्हाळ्यात ब्रूजला गेला, राजाच्या बहिणीच्या वऱ्हाडात. बर्गंडीच्या ड्यूकशी तिचं लग्न. तिथला थाट पाहून पोरगा आईला लिहितो की या दरबाराला तोड नाही, एक आर्थर राजाचा दरबार सोडून. त्याला ते मनापासून वाटलं होतं. त्याच्यापुढे वैभव मोजायचं तेवढं एकच माप होतं, आणि ते गोष्टीतलं होतं.

पुढच्याच वर्षी हाच जॉन केस्टरच्या गढीत मूठभर माणसांनिशी अडकला होता आणि बाहेर नॉरफकच्या ड्यूकचं सैन्य तोफा लावून बसलं होतं. केस्टरची भानगड अस्सल दिवाणी. फ्रान्सच्या लढायांत गबर झालेला म्हातारा सर जॉन फास्टॉल्फ नोव्हेंबर १४५९ मध्ये वारला. मुलंबाळं नाहीत. जॉनचा बाप, फास्टॉल्फचा कायदेसल्लागार, पुढे आला आणि म्हणाला की मरणाच्या दोन दिवस आधी म्हाताऱ्याने मृत्युपत्र बदललं आणि बरंच काही मला दिलं. (कायदेसल्लागाराच्या नावे, मरणाच्या दोन दिवस आधी. वाचून मी हसलो.) दावे चालले, साक्षीदार फिरले, बाप तुरुंगात जाऊन आला आणि वारला. शेवटी ड्यूकने कोर्टाचा नाद सोडून तोफा आणल्या. पाच आठवडे वेढा चालला. मार्गारेटबाईने लंडनला मौजमजेत असलेल्या थोरल्या मुलाला कडक पत्र लिहिलं: तुझा भाऊ आणि त्याची माणसं संकटात आहेत, अन्न संपत आलं, दारूगोळा आणि बाण संपत आले, गढीची तोफांनी चाळण झाली. सप्टेंबरअखेर गढी पडली.

हे १४६९. मॅलरी त्याच काळात लिहीत होता. १४६८ च्या आणि १४७० च्या राजाच्या सर्वसाधारण माफीतून त्याचं नाव मुद्दाम वगळलेलं आहे, आणि पुस्तकात तो स्वतःला कैदी नाइट म्हणवतो. कथेच्या शेवटाकडे त्याचा हात बदलतो. आर्थरचाच मुलगा मॉर्ड्रेड राज्य बळकावतो तेव्हा लंडनच्या टॉवरला वेढा घालून मोठ्या तोफा डागतो. आर्थरच्या काळात तोफा! पण केस्टरच्या वर्षात लिहिणाऱ्याला वेढा म्हटलं की तोफ दिसणारच. लोक मॉर्ड्रेडच्या बाजूला वळतात, तिथे मॅलरी कथा थांबवून आपल्या इंग्रज बांधवांना सुनावतो: आपल्याला कशाचंच समाधान फार काळ टिकत नाही, हा आपला मोठा दोष. एका पिढीत दोन राजे आलटून पालटून गादीवर बसलेले पाहिलेल्या माणसाचा हा त्रागा आहे.

शेवटची लढाई कशी पेटते पाहा. दोन्ही फौजा समोरासमोर, तह जवळजवळ ठरलेला, आणि दोघांनीही आपापल्या माणसांना बजावलेलं की समोर तलवार उपसलेली दिसली तर तुटून पडा. झुडपातून साप निघतो, एका नाइटच्या पायाला डसतो, तो साप मारायला तलवार उपसतो. बस. संध्याकाळपर्यंत एक लाख माणसं मेलेली. रात्री चांदण्यात मैदानातून आरडाओरडा ऐकू येतो. पाहायला पाठवलेला सर ल्यूकन पाहतो, तर लुटारू मेलेल्या नाइटांच्या अंगावरच्या अंगठ्या, सोन्याची पदकं, मणी ओरबाडत आहेत. आणि जे अजून जिवंत आहेत त्यांना चिलखतासाठी ठार करत आहेत. ही पाचशे वर्षांपूर्वीची जादूची कथा राहत नाही. हे कुणीतरी पाहिलेलं आहे.

आणि त्याच्या बऱ्याच आधी, ट्रिस्ट्रम नावाच्या नाइटच्या लांबलचक, खरं सांगायचं तर कंटाळवाण्या भागात, ट्रिस्ट्रम तुरुंगात आजारी पडतो तिथे एक वाक्य आहे. कैद्याची तब्येत धड असेल तोवर तो देवाच्या दयेवर आणि सुटकेच्या आशेवर तगतो; पण दुखणं अंगाला लागलं की मग त्याला रडायला कारण आहे. कथेला या वाक्याची फारशी गरज नव्हती. पुस्तकाच्या अखेरीस तो वाचकांना विनवतो की मी जिवंत आहे तोवर माझ्या सुटकेसाठी प्रार्थना करा, आणि मेल्यावर आत्म्यासाठी. मार्च १४७१ मध्ये तो वारला. न्यूगेट तुरुंगाजवळच्या ग्रेफ्रायर्सच्या मठात त्याला पुरलं.

केस्टरचा निकाल कोर्टात लागला नाही आणि लढाईतही लागला नाही. जानेवारी १४७६ मध्ये नॉरफकचा ड्यूक एका रात्रीत अचानक वारला, मागे मुलगा नव्हता, आणि पॅस्टनांना गढी परत मिळाली. लंडनवाला थोरला भाऊ (त्याचंही नाव जॉनच) या सुमाराला आपल्या पुस्तकांची यादी करून बसला होता. ती यादी आजही आहे. तीत हिरव्या नाइटची कथा आहे, आणि सगळ्यात वर आर्थरच्या मृत्यूची, वॉरिकच्या गाय (Guy) नावाच्या वीराची, सिंहहृदयी रिचर्डची गोष्ट असलेलं एक बाड आहे. मॅलरीचं नव्हे, एक जुनंच. ते कुठून आलं हेही त्याने टिपून ठेवलं आहे: 'जॉर्ज' नावाच्या सराईच्या मालकिणीकडून.